सारस पेनाचा पुनर्जन्म आणि मगभर कोमट पाणी

माणसाला पुनर्जन्म असतो की नाही, यावर मोठमोठ्या लोकांनी डोकी झिजवली आहेत. वस्तूंना मात्र तो असतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. एखादं पेन बाजारातून उठतं, कारखाना बंद पडतो, ते वापरणारी माणसंही एकेक करून जातात, आणि मग एके दिवशी तेच पेन, त्याच नावाने आणि त्याच अंगकाठीने पुन्हा अवतरतं. फरक एवढाच, की या जन्मी त्याची आगाऊ नोंदणी करावी लागते, ते मखमली डबीतून येतं आणि वॉरंटी एक वर्षाची असते.

असा पुनर्जन्म घेतलेली एक्केचाळीस फाउंटन पेनं माझ्याकडे आहेत. जुनी, अस्सल पेनं मी जमवत नाही. जुन्या पेनांना इतिहास असतो आणि तो खिशात गळतो. नव्या आवृत्त्या गळत नाहीत, कारण त्यांत सहसा कोणी शाईच भरत नाही. मी पेनं नव्हे, डब्या जमवतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. ते खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

बेचाळिसाव्या पेनामुळे मी नाशिकहून कोल्हापूरला गेलो. ‘सारस’ नावाचं पेन एके काळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका शेडमध्ये, लेथवर कातून तयार व्हायचं. ते इबोनाइटचं असे. इबोनाइट म्हणजे लाकडासारखं कडक केलेलं रबर. पुण्याच्या एका कंपनीने या सारसची शंभर पेनांची नवी आवृत्ती काढली आणि तिचं प्रकाशन सारसच्या जन्मगावीच करायचं ठरवलं. कंपनीचा प्रसाद नावाचा तरुण अधिकारी हे सगळं पाहत होता. त्याने मला फोन करून सांगितलं, की शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता समारंभ आहे आणि त्यात ‘संग्राहकाचं मनोगत’ म्हणून पाच मिनिटं जुन्या-नव्याची तुलना करायची आहे. तुलनेसाठी खरा जुना सारस मिळाला आहे, तो आदल्या दिवशी तुमच्या हातात देतो. आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझ्या छंदाला व्यासपीठ देत होतं. मी लगेच हो म्हणालो. ही माझी पहिली चूक.

गुरुवार, मंगळवार पेठ

गुरुवारी दुपारी मंगळवार पेठेत पोहोचलो. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता आणि प्रसाद जाकीट घालून उभा होता. जुन्या सारसच्या मालकीणबाईंना भेटायला तो मला घेऊन गेला. सुमनबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्याच राहतात. आमच्याकडे पाहुण्याला “चहा घेणार का?” असं विचारतात आणि तो “नको” म्हणाला तर सुटकेचा श्वास सोडतात. कोल्हापुरात विचारत नाहीत. आधी चहा आला, मग चिवडा आला, मग आम्ही कोण ते विचारण्यात आलं.

“पेन आणलंत?” बाईंनी प्रसादला विचारलं.

“उद्या बाई. उद्या कार्यक्रमात सन्मानपूर्वक परत.”

“सन्मान राहू दे हो. पंधरा दिवस झाले, बॉलपेननं लिहितेय. साबणाची वडी धरल्यागत वाटतंय हातात.”

मग त्यांनी मला पेनाची हकिगत सांगितली. पंचावन्न वर्षांपूर्वी त्यांची गगनबावड्याला बदली झाली, तेव्हा त्यांच्या यजमानांनी ते घेऊन दिलं आणि त्यावर ‘सुमन’ असं नाव कोरून घेतलं. “त्या पावसात वह्या ओल्या, खडू ओले, पोरांची डोकी ओली. हजेरी घ्यायची तर कागदावर शाई पसरायची. मग मी ह्या पेनात शाई घट्ट करून भरायची. दोन दिवस बशीत उघडी ठेवायची, की झाली घट्ट.” यजमान जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. बाई अजून रोज सकाळी एक पान लिहीत. काय लिहितात ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. प्रसादकडे न पाहता मला म्हणाल्या, “तुम्ही वयानं मोठे दिसताय, म्हणून तुम्हाला सांगते. जसं दिलंय तसं परत पाहिजे. घासूनपुसून नको, नवं करून नको. जसं दिलंय तसं.”

“बाई, माझा शब्द,” मी म्हणालो. शब्द देताना आपण काय देतोय ते एकदा पाहून घ्यावं. मी ते पेन तोवर पाहिलेलंही नव्हतं. प्रसाद जिन्याकडे बघत होता, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

पेन हातात आलं ते संध्याकाळी, लॉजवर. कापसात गुंडाळलेलं, काळंभोर, तुकतुकीत, मधोमध ‘सुमन’ कोरलेलं. त्याला उग्र वास येत होता. जुन्या इबोनाइटला गंधकाचा वास येतो असं मी वाचलं होतं, तेव्हा तो हाच असणार असं मी ठरवून टाकलं. प्रसादने सोबतच दिलेल्या माझ्या नव्या सारसशेजारी ठेवलं तर दोघं जुळे भाऊ वाटत होते. नव्याला वास नव्हता, त्याऐवजी प्रमाणपत्र होतं.

त्या आनंदात मी पांढरा आणि तांबडा असे दोन्ही रस्से वाट्या मोजायचं सोडून प्यायलो. वाढपी दर वेळी वाटी भरून म्हणायचा, “पावणं, अजून सुरवात बी न्हाय केलासा की.” नाशिकला वाढपी इतकी आस्था दाखवू लागला तर आम्ही बिल तपासून पाहतो.

शुक्रवार सकाळ, लॉज

आता दुसरी चूक. ती फक्त माझ्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते.

नव्या आवृत्त्यांची पेनं प्लास्टिकची असतात. घरी नवं पेन आलं की मी त्याचे भाग सुटे करतो आणि मगभर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून सगळं तासभर बुडवून ठेवतो. एक्केचाळीस वेळा मी हे केलं होतं आणि एक्केचाळीस वेळा पेन जसंच्या तसं बाहेर आलं होतं. शुक्रवारी सकाळी चहावाल्याकडून गरम पाणी मागून घेतलं, टोपण, नळी आणि निबचा भाग वेगवेगळे केले आणि बाईंचं पेन मगात सोडलं. मनोगतात पेनाने लिहून दाखवायचं मनात होतं. दोन मिनिटांत पाणी काळं झालं. जुनी शाई सुटतेय, म्हणून मला बरंच वाटलं.

मग मिसळ खायला बाहेर पडलो. नाशिकची मिसळ पापड, दही, जिलबी असा लवाजमा घेऊन येते. कोल्हापूरची मिसळ पावाच्या दोन स्लाइस घेऊन येते आणि थेट मुद्द्याला हात घालते. कट मागितला नाही तरी मिळतो. तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर मालकाने काउंटरवरून विचारलं, “तब्येत बरी न्हाय का?” तासाचा दीड तास झाला.

परत आलो तेव्हा मगात काळं पाणी होतं आणि पाण्यात तपकिरी पेन होतं.

मी ते बाहेर काढलं, पुसलं, खिडकीशी नेलं. तपकिरी. नुसतं तपकिरी नव्हे, जुन्या चपलेच्या टाचेसारखं हिरवट तपकिरी. आणि तेव्हा, अगदी वेळेवर, मला आठवलं की इबोनाइटला गरम पाणी लावायचं नसतं. त्याने काळा रंग मरतो आणि परत येत नाही. हे मी पाच-सहा ठिकाणी वाचलं होतं. एक्केचाळीस प्लास्टिकची पेनं जमवलेल्या माणसाला या ज्ञानाची कधी गरज पडली नव्हती.

साडेदहा वाजले होते. पाच वाजता हे पेन मखमलीवर ठेवलं जाणार होतं आणि तिथून बाईंच्या हातात जाणार होतं. जसं दिलंय तसं.

खाली मॅनेजरला विचारलं, इथे लेथवर बारीक काम करणारं कोणी आहे का?

“पावणं, उद्यमनगरात डोळं झाकून दगड मारा, लेथवाल्यालाच लागंल,” तो म्हणाला. माझा चेहरा पाहून त्याने पुढे विचारलं, “काय मोडलंय?”

“अजून काही नाही,” मी म्हणालो.

शुक्रवार, उद्यमनगर

पहिल्या शेडमध्ये पंपाचे भाग कातत होते. तिथल्या माणसाने पेन दोन बोटांत धरलं, बाजूच्याला दाखवलं आणि दोघं हसले. “ह्याला आमच्या मशीनवर लावलं तर भुगा घेऊन जाशीला घरी.” त्याने मला तीन गल्ल्या पलीकडे रमजान मिस्त्रींकडे पाठवलं.

मिस्त्री बहात्तर वर्षांचे. एकच लेथ, तीही त्यांच्याच वयाची वाटावी अशी. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “सारस.”

“तुम्ही ओळखता?”

“वळखतो म्हंजे? सतराव्या वर्सी त्या शेडात लागलो. टोपणाचं आटं पाडायचं काम माजं. हे टोपण बी मीच केलं असंल. कुणाला ठावं.” नवी आवृत्ती निघाली आहे आणि संध्याकाळी तिचा समारंभ आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. समारंभाच्या पत्रिकेवर ‘कोल्हापूरच्या कारागिरांना मानवंदना’ असं छापलेलं होतं. पत्रिका माझ्या खिशातच होती. मी ती काढली नाही.

गरम पाण्याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, वरचा थर काढून परत काळं होईल का?

“हुईल की. आत काळंच असतंय. कातायचं न्हाय, घासायचं. पर नाव हाय न्हवं हितं?” त्यांनी अंगठ्याचं नख ‘सुमन’वरून फिरवलं. “लई खोल न्हाय. रंग किती आत गेलाय ते घासल्याबिगर कळत न्हाय. नाव आधी गेलं तर गेलं.”

म्हणजे रंग वाचवायचा तर नाव जाण्याचा धोका, नाव वाचवायचं तर रंग गेलेला. मी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

मिस्त्रींनी टोपण लावून पाहिलं, काढलं, परत लावलं. मग नळीचा वरचा भाग उजेडात धरला. “पावणं, ही पट्टी बगा. टोपणाच्या आत ऱ्हाती ती. काळीभोर हाय. पाण्यात टाकताना टोपण काढलंतंसा न्हवं?”

“हो, सगळं सुटं केलं होतं.”

“मग पाण्यानं ह्या पट्टीचा रंग बी उडाया पायजे हुता. हे काय एका सकाळचं न्हाय.”

आज त्या वाक्याकडे पाहिलं तर एखादं मूलही त्यातला अर्थ सांगेल. मला त्या वेळी फक्त पाच वाजताना दिसत होते. “मिस्त्री, वेळ नाही,” मी म्हणालो. “तुम्ही करा.”

“पेन तुमचंच न्हवं?”

“हो.”

“सुमन कोन?”

“बायको,” मी म्हणालो. माझ्या बायकोचं नाव सुमन नाही.

“मग करतो. पर मिसेसनी इचारलं तर माजं नाव सांगू नगा.”

त्यांनी लाकडाचा तुकडा घेतला, लेथवर लावून त्याची खुंटी केली आणि ती नळीच्या आत अलगद बसवली, म्हणजे लोखंडाचे दात पेनाला लागायला नकोत. नळी फिरू लागली. बारीक पॉलिश पेपरवर तेलाचा थेंब घेऊन त्यांनी तो दोन बोटांनी नुसता टेकवला. गंधकाचा वास आला. खरा गंधकाचा. कालचा वास हा नव्हता, एवढं माझ्या नाकाने टिपलं. डोक्यापर्यंत मात्र ते पोहोचलं नाही.

टोकाकडून काम सुरू झालं. तपकिरी पावडर कागदावर आली आणि खालून काळा रंग वर आला, उन्हात कोणी दार किलकिलं केल्यावर आतला अंधार दिसावा तसा. नळीचा निम्मा भाग काळा झाला. नाव अजून दोन बोटं लांब होतं. आणि साडेबाराला मिस्त्रींनी लेथ बंद केली.

“काय झालं?”

“जुम्मा हाय.” ते हात धूत होते. “नमाज पडून जेवून येतो. तुमी बसा की. डबा हाय, अर्दी भाकरी तुमची.”

मी म्हणालो, मिस्त्री, पाच वाजता माझी फार मोठी अडचण आहे. ते म्हणाले, “पाच वाजाया लई येळ हाय. आनि हात घाईत असला तर नाव जाईल.”

पावणेदोन तास मी त्या शेडमध्ये अर्ध्या काळ्या, अर्ध्या तपकिरी पेनासमोर बसलो. भाकरी आणि झुणका होता. मी तो खाल्ला, कारण नाही खाल्ला असता तर परत आल्यावर त्याचं कारण सांगण्यात वेळ गेला असता. त्या वेळात मी स्वतःशी बराच विचार केला. बाईंना खरं सांगून टाकावं, हाही एक विचार होता. तो मी सर्वांत शेवटी केला आणि सर्वांत लवकर संपवला.

सव्वादोनला मिस्त्री आले. आता नाव. लेथ आणखी हळू केली. दर चार फेऱ्यांनी ते थांबत, नख फिरवत. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा ‘सु’चा उकार फिकट झाला होता आणि नावाच्या भोवती तपकिरी छटा तशीच होती.

“आता सांगा. थांबू का फुडं जाऊ?”

“किती राहिलाय रंग?”

“थोडा. नाव बी थोडंच हाय.”

मी म्हणालो, जा. आपल्या नसलेल्या पेनावरच्या, आपल्या नसलेल्या बाईच्या नावाबद्दल निर्णय घेताना माझा आवाज मुळीच कापला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लेथ सरळ बंद केली. नळी हातात घेतली, चिंधीवर पॉलिशची पेस्ट लावली आणि नावाच्या प्रत्येक अक्षराच्या भोवतीने, काडीच्या टोकाने, तासभर हाताने घासत राहिले. मग टोपणही घासलं. चार वाजता पेन काळं होतं. नाव वाचता येत होतं. उकार आहे हे माहीत असलं तर दिसत होता.

मी आभार मानले. ते म्हणाले, “काम चांगलं झालंय. पर बरं झालं का न्हाय, ते तुमचं तुमी बगा.”

शुक्रवार संध्याकाळ, सभागृह

सभागृहाच्या दारावर सारसचं चित्र लावलं होतं. त्यात पेन वल्ह्याएवढं होतं. आत फेटे बांधण्याचं काम सुरू होतं. ते पेनाशी ज्यांचा कमीत कमी संबंध, त्यांच्यापासून सुरू झालं होतं. प्रमुख पाहुणे सव्वासहाला आले आणि उशिराबद्दल वेळेला दोष देऊन बसले. प्रसादने मखमलीवर दोन्ही पेनं मांडली. जुन्याकडे पाहून तो खूश झाला. “मस्त दिसतंय, सर. फोटोपेक्षाही काळं.”

प्रमुख पाहुणे लेखणी आणि तलवार यांवर वीस मिनिटं बोलले. लेखणीला त्यातली चार मिनिटं मिळाली. मग सुमनबाईंना व्यासपीठावर नेलं, शाल घातली, नारळ दिला आणि पाहुण्यांच्या हस्ते त्यांचं पेन त्यांना परत देण्यात आलं. टाळ्या. बाईंनी नारळ प्रसादकडे दिला, चष्मा लावला, पेन फिरवून पाहिलं. टोपण काढलं. परत लावलं. समोर माइक चालू होता.

“हे माझं नाही,” बाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. प्रसाद पुढे झाला. “बाई, नाव बघा ना. तुमचंच नाव आहे.”

त्यांनी नाव पाहिलं. बोट त्यावरून फिरवलं. “नाव माझं आहे. पेन कुणाचं आहे? माझं पेन तपकिरी होतं. पंधरा-वीस वर्षं झाली, तपकिरी झालंय ते. नुसती टोपणाखाली पट्टी काळी राहिली होती.”

मी प्रसादकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. बूट काळे होते आणि चकचकीत होते. तेव्हा मला काल संध्याकाळचा तो वास कळला, सकाळचं काळं पाणी कळलं आणि मिस्त्रींनी दाखवलेली पट्टीही कळली. फोटोसाठी त्याने बाईंच्या तपकिरी पेनाला बूट पॉलिश लावलं होतं. कोमट पाण्याने फक्त ते पॉलिश धुऊन काढलं. सकाळी साडेदहा वाजता, लॉजच्या खिडकीशी, माझ्या हातात पेन अगदी जसं दिलं होतं तसं होतं. त्यानंतर मी साडेपाच तास खपून ते बिघडवलं.

एवढ्यावर सगळे गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. पण प्रमुख पाहुण्यांनी माइक घेतला आणि हसत हसत, मोठ्या मायेने म्हणाले, “वयाबरोबर आठवण जरा दगा देते, मावशी. चालायचंच.” सभागृह हसलं. मोठ्याने नाही, पण सगळं हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली. पाहुण्यांबद्दल नव्हे; स्वतःबद्दल.

पुढचा कार्यक्रम माझं मनोगत हाच होता. खिशात लिहून आणलेली दोन पानं होती, ‘मूळ आणि पुनर्जन्म’ या विषयावर. ती मी खिशातच ठेवली. मी माइकपाशी जाऊन म्हणालो, “बाईंची आठवण बरोबर आहे. पेन तपकिरीच होतं. तो रंग आज दुपारी मी उद्यमनगरात घासून काढला. मला वाटलं, मी गरम पाण्याने पेन बिघडवलंय. न विचारता केलं आणि विचारलं असतं तर हे झालं नसतं. माझं मनोगत एवढंच आहे.”

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान भाषणाचा विक्रम असावा. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मागून एक आवाज मात्र आला, “आयला, हे पावणं खरं बोललं की!” बाईंनी पेन पदराला पुसलं, पिशवीत टाकलं आणि जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, “उद्या सकाळी घरी या. शाई घेऊन या. निळी-काळी.”

शनिवार, पुन्हा मंगळवार पेठ

गेलो. झोप झाली नव्हती. बाईंनी आधी चहा दिला, मग चिवडा. कोल्हापुरात रागावलेल्या माणसाकडेही हाच क्रम असतो. शाई मी आणली होती. त्यांनी ड्रॉपरने पेनात भरली, वहीचं नवं पान काढलं आणि लिहायला बसल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. निबचा आवाज येत होता. पान भरायला वीस मिनिटं लागली.

“लिहितंय,” बाई म्हणाल्या. “पण हातात नवं लागतंय. घासून गुळगुळीत झालंय.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “ह्यांना मी सांगायची, रंग उडाला बघा पेनाचा. ते म्हणायचे, उडाला नाही, तुझ्या हाताचा चढलाय.”

मी माझ्या खिशातला नवा सारस काढला, डबीसकट पुढे केला. त्यांनी तो उघडून हुंगला आणि परत दिला. “ह्याला काहीच वास नाही की हो.”

मग त्यांनी विचारलं, “परत तपकिरी होईल का?”

मला माहीत नव्हतं. मी मिस्त्रींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला, ही या प्रवासातली शेवटची चूक.

“हुतंय की,” मिस्त्री पलीकडून ओरडले. “इबोनाइट हाय ते. ऊन लागलं, हाताचा घाम लागला की आपनहून हुतंय. काय झालं, मिसेसनी वळखलं व्हय?”

बाईंनी भुवया उंचावल्या. “मिसेस कोण?”

“मिस्त्री,” मी म्हणालो, “सुमन माझी बायको नाही. पेन बाईंचं आहे. बाई इथेच बसल्यात.”

पलीकडे लेथ बंद झाल्याचा आवाज आला. “बाई, मला ह्येनी सांगितलं मिसेस म्हनून. न्हायतर हात लावला नसता बगा मी.” मग माझ्यासाठी दोन शब्द आले, ते इथे लिहीत नाही, दोन्ही वाजवी होते.

“तुम्ही कुठले हो?” बाईंनी त्यांना विचारलं. मिस्त्री सारसच्या शेडात टोपणांचे आटे पाडायचे, हे कळल्यावर पुढची दहा मिनिटं ते दोघं माझ्या फोनवर बोलत होते आणि मी चिवडा खात होतो. टोपण पंचावन्न वर्षांत एकदाही ढिलं झालं नाही, हे बाईंनी त्यांना दोनदा सांगितलं. मिस्त्रींनी दोन्ही वेळा “असं व्हय” म्हटलं. दुसऱ्या वेळी जरा उशिराने.

शेवटी बाईंनी मुद्द्याचं विचारलं. “पहिल्यासारखं व्हायला किती दिवस लागतील?”

“दिवस न्हाय बाई. रोज ऊन दावलं तर धा-बारा वर्सं.”

मी नाशिकला परतलो त्याला आता दोन महिने झाले. प्रसादच्या कंपनीने शंभर पेनं विकली आणि कार्यक्रमाचे फोटो पाठवले; त्यांत माझं मनोगत नाही. बाईंशी दर रविवारी फोनवर बोलणं होतं. सकाळचं पान लिहून झालं की त्या पेन गच्चीवर सांडग्यांच्या ताटात ठेवतात आणि एका बाजूने जास्त होऊ नये म्हणून तासातासाने फिरवतात. बाईंचं वय त्र्याऐंशी आहे.